बाराव्या भागातली नदी

ताईने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घातली.

टीव्हीवरच्या खेळात तीन लांडग्यांनी तिच्या दिवटीवाल्याला घेरलं होतं. एकाने झेप घेतली. ती वीतभर चुकली. दुसऱ्याची हातभर. तिसरा मागेच उभा राहून गुरगुरत होता, जणू त्याला कुणी पुढे जाऊ देत नव्हतं. दिवटीवाला जिथल्या तिथे उभा होता आणि त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

"खेळ ना," धाकटा भाऊ म्हणाला. "थांबलीस कशाला?"

"थांबले तर काय होतं ते बघतेय. तुमच्या लांडग्यांना चष्मा लागलाय का रे?"

तो हसला, पण जरा उशिरा.

'काळोखवाट' हा खेळ ताईने रचलेला. पहिला भाग तिचा. त्यानंतरच्या एकाही भागावर तिने आपलं नाव येऊ दिलं नव्हतं. बाराव्या भागाचा प्रमुख धाकटा होता. खेळ सुरू होताना 'मूळ कल्पना' म्हणून तिचं नाव झळकावं, एवढ्या एका होकारासाठी तो आज आला होता.

दुपारपासून ती एकदाही हरली नव्हती. पहिल्यांदा तिला बरं वाटलं. मग वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणून ती मुद्दाम गबाळं खेळली. मग एका हाताने. मग कंट्रोलर खालीच ठेवला.

"ही प्रत माझ्यासाठी वेगळी करून आणलीस तू," ती म्हणाली. "सोपी. म्हातारी जिंकेल, खूश होईल, हो म्हणेल. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस."

"ताई, सगळ्यांना हीच मिळणार आहे."

"घे माझी शपथ."

"तुझी शपथ."

खोटं बोलताना तो कानाची पाळी ओढायचा. आता त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर स्वस्थ होते. ताईला ते आवडलं नाही.

तिने कंट्रोलर उचलला आणि दिवटीवाल्याला नदीवर नेलं. पहिल्या भागात या नदीकाठी बसून आधी पाणी ऐकावं लागायचं. लोंढा ओसरल्याचा आवाज आला की पाऊल टाकायचं. घाई केली की बुडायचं. या नदीपायी लोकांनी तिला शिव्या घातल्या होत्या, आणि पार झाल्यावर त्यांनीच ओरडत फोन केले होते.

आज तिने काहीच ऐकलं नाही. सरळ मधोमध घातलं त्याला. पाणी छातीपर्यंत चढलं, पडदा लुकलुकला, आणि दिवटीवाला पैलतीरावर उभा. कोरडा. दिवटी पेटलेली. वर सोनेरी अक्षरं: शाब्बास!

तिने त्याला वळवून परत पाण्यात ढकललं.

शाब्बास!

"बुडत का नाही हा?"

"हरले की लोक उठून जातात, ताई. म्हणून दर भागात थोडं थोडं सोपं करत आलो."

"आणि आता?"

"आता जिंकूनही उठून जातात."

"मग माझं नाव कशाला हवंय?"

धाकट्याने खाली पाहिलं. "तुझं नाव दिसलं, की लोकांना वाटेल नदी अजून आहे."

तिने कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला.

"बुडवून दाखव. एकदाच. मग टाक माझं नाव."

"मी रोज बघतो करून," तो म्हणाला, आणि तरीही त्याने दिवटीवाल्याला पाण्यात उतरवलं.

पाणी छातीपर्यंत चढलं. दोघंही पुढे झुकली.