रुमालाखालचा हात

रकमाजी कोकऱ्यांनी दलाल सर्जेरावाचं मनगट उलटसुलट करून पाहिलं, मगच हातांवर रुमाल टाकू दिला. रुमालाआड बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही, ही बैलबाजारातली जुनी चाल. मनगट तपासायची रीत मात्र नवी होती. तुटलेल्या नसेला वाट दाखवायला डॉक्टर आता हातात मदतनीस पेशी सोडत, आणि नस बोटांपर्यंत पोचली तरी त्या पेशी प्रत्येक स्पर्श फोनवर कळवत राहत.

सर्जेरावाच्या मनगटावर टाक्याची खूण नव्हती. रकमाजींनी त्याची बोटं दाबून आपल्या बैलाचा शेवटचा, त्याखाली विकायचाच नाही असा भाव सांगितला. सर्जेराव व्यापाऱ्याकडे जाऊन आला. व्यापारी नेमका त्याच आकड्यावर अडून बसला होता.

"मागचा दलाल फितूर निघाला म्हणून तुला धरला," रकमाजी उसळले. "तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी!"

"मी तोंड उघडायच्या आधीच त्यानं आकडा सांगितला, तात्या. माझा हात तुम्ही तपासलात. तुमचा कुणी तपासला?"

रकमाजींनी बाही वर सारली. बैलाच्या शिंगानं फाटलेलं मनगट गेल्या वर्षी शिवलं होतं. तेव्हा सगळी धावपळ जावयानं केली. नस कुठवर आली ते त्याच्याच फोनवर दिसायचं. हात बरा झाल्यावर ते बंद झालं, असंही तोच म्हणाला होता.

जावई पलीकडे व्यापाऱ्याच्या टेम्पोला टेकून उभा होता. त्याच्यावरची नजर न काढता रकमाजींनी पुन्हा रुमाल टाकला आणि सर्जेरावाचं एक बोट दाबलं.

जावयानं फोनकडे पाहिलं आणि तो व्यापाऱ्याच्या कानाशी वाकला.