जादाचे साठ

"बॅग घरी आल्यावर रोख दिले तर साठ रुपये जादा? ऑनलाइन भर की गं, फुकट कशाला घालवतेस?" धाकटी बहीण फोनवर करवादली.

"ऑनलाइन भरले की मेसेज यांच्या फोनवर येतो," थोरली दबक्या आवाजात म्हणाली.

बॅग मोठी हवी होती, तिचे आणि लेकीचे कपडे मावतील एवढी. मागच्या वेळी ती दारापर्यंत पोहोचली होती, तेव्हापासून घरातल्या सगळ्या बॅगा कपाटात आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात. भाजीच्या पैशांतून वाचवलेल्या नोटा तांदळाच्या डब्यात होत्या. त्यातले साठ गेले तर गेले, जीव तर सुटेल!

दुपारी बेल वाजली. नवरा कामावर होता. लेक शाळेतून आली की दोघी संध्याकाळची गाडी गाठणार होत्या. तिने घाईघाईने नोटा पुढे केल्या, तर कुरिअरवाला हसला.

"राहू द्या ताई, पैसे मिळाले. सकाळी फोन केला तेव्हा तुम्ही आंघोळीला गेला होतात, साहेबांनी उचलला. लगेच ऑनलाइन भरून टाकले. तुमचे साठ वाचले बघा!"

बॅग आत सरकवून तो दोन पायऱ्या उतरला आणि आठवल्यासारखा थांबला.

"हां, साहेबांचा निरोप राहिलाच. बॅग सावकाश भरा म्हणाले, मुलीला ते शाळेतून परस्पर घेऊन जाणार आहेत."