कोरडेबुवांचा पाऊस

"पडला! एकदाचा पडला!" मोठ्या सरांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचे कप बशांत नाचले.

पडद्यावरच्या नकाशात तीन वर्षं नुसता पिवळा रखरखाट दिसत होता. आज तिथे निळा रंग पसरला होता. हा पाऊस आठ हजार वर्षांपूर्वीचा. तो संगणकात पाडून दाखवायचं काम कोरडेबुवांकडे होतं. त्यांचं खरं आडनाव वेगळंच. पण त्यांच्या गणितात काही केल्या पाऊस पडत नसे, म्हणून संस्थेत हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आजही पडला नसता तर प्रकल्प गुंडाळायचा असं वरून ठरलं होतं. प्रकल्पाबरोबर कोरडेबुवाही गुंडाळले जाणार, हे कोणी वेगळं सांगायला नको होतं.

सगळा घोळ धुळीने घातला होता. संगणकातली जमीन उघडीबोडकी. तिच्यावरून धूळ उठायची, आभाळभर पसरायची आणि ऊन अडवून बसायची. मग जमीन तापेना. जमीन तापली नाही की समुद्रावरचा वारा रुसलेल्या जावयासारखा दारातूनच माघारी फिरायचा. इकडे जुन्या तळ्याच्या तळातून काढलेला चिखल मात्र सांगत होता, की त्या काळी हे तळं काठोकाठ भरलेलं असे. शेवटी त्याच चिखलातले परागकण मोजले. गवत निघालं, झुडपं निघाली. कोरडेबुवांनी उघड्या जमिनीवर त्यांचं हिरवं पांघरूण घातलं. धूळ खाली बसली आणि वारा निमूट आत आला.

परागकण मोजणाऱ्या बाईंना सगळे परागताई म्हणत. कोरडेबुवा त्यांना काहीच म्हणत नसत. ताई म्हणायची त्यांची तयारी नव्हती, आणि दुसरं काही म्हणायची हिंमत नव्हती.

"आता चिखलात काय काय सापडलं तेही दिसू द्या," सर खुशीत म्हणाले.

परागताई उठल्या. एकेक चित्र पडद्यावर येऊ लागलं. गवताचा गुळगुळीत कण आला. झुडपाचा खाचा पडलेला कण आला. आणि मग भिंतभर मोठा, पिवळा, अंगभर काटे असलेला एक कण समोर उभा राहिला.

कोरडेबुवा खुर्चीत पुढे सरकले.

ही तर शेवंती. तिचा कण त्यांनी पुस्तकात नीट पाहून ठेवला होता. परागकण मोजणाऱ्या बाईंना फूल द्यायचं तर त्याच्या परागाविषयीही चार शब्द बोलता यायला हवेत, अशी त्यांची समजूत. फूल घरच्या गॅलरीतलं. दर सोमवारी वहिनी कुंडीतलं एक खुडून त्यांच्या हातावर ठेवायची आणि बजावायची, "भाऊजी, आज तरी देऊन मोकळे व्हा." भाऊजी ते शर्टाच्या खिशात घालून प्रयोगशाळेत जायचे. चिखलाच्या उघड्या बशांवर वाकून गवताबद्दल शंका विचारायचे, झुडपांबद्दल विचारायचे, सगळं विचारायचे. फूल खिशातच राहायचं. संध्याकाळी वहिनी कपाळाला हात लावायची.

म्हणजे खिसा चिखलात झडत होता. आठ हजार वर्षांपूर्वीच्या त्या रानातली निम्मी झाडं वहिनीच्या कुंडीतली होती!

गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? नोकरी राहिली असती. नावही झालं असतं. पण उद्या कोणी ही चूक पकडली तर बोल लागणार होता तो परागताईंच्या मोजणीला. ते मात्र कोरडेबुवांना सोसवणारं नव्हतं. ते उठून उभे राहिले.

"सर, हा पाऊस खोटा आहे. त्यात माझी शेवंती मिसळलीय."

"तुमची शेवंती?"

"खिशातली. नमुन्यांवर वाकताना झडली असणार. चूक माझी आहे, यांची नाही."

"अहो, पण फूल घेऊन तुम्ही त्या चिखलापाशी काय करत होता?"

"द्यायचं होतं."

"चिखलाला?"

सगळी खोली खो-खो हसली. कोरडेबुवांचे कान लालबुंद झाले. त्यांनी एकदा परागताईंकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. मग उत्तराची गरज उरली नाही. हसणाऱ्यांना एकेक करून उलगडा झाला. सरांनी चष्मा काढून उगाचच पुसायला घेतला. तीन वर्षांची मेहनत, नोकरी आणि अब्रू, सगळं दोन मिनिटांत धुळीला मिळालं होतं. आता इथून दारापर्यंत चालत कसं जायचं, एवढाच विचार कोरडेबुवांच्या डोक्यात होता.

"बसा हो तुम्ही," परागताई शांतपणे म्हणाल्या. "पाऊस खरा आहे. जुने कण चेपलेले असतात, आणि हे अगदी टवटवीत होते. पहिल्याच सोमवारी ओळखले मी. मोजणीत त्यातला एकही धरलेला नाही."

सर चष्मा घालायचेच विसरले. "मोजणीत नाहीत? मग भिंतीएवढं करून दाखवलंत कशाला?"

"काय करणार, सर?" परागताई म्हणाल्या. "दर सोमवारी कण तेवढे येतात. फूल काही येत नाही."