रेघ उमटेना

पुन्हा टिंबच. खाटेच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या पाटीवर लाल ठिपका लागला, टिक वाजलं, विझला. मग आणखी एक. रेघ काही उमटेना.

सोलफ्रिद खाटेशी वाकून पाटीकडे बघत होती. तिची आई बोर्गिल्ड तीस वर्षं नॉर्वेच्या किनाऱ्यावर रेडिओ केंद्रात बसून टिंब-रेघांच्या मोर्स लिपीत बोटींशी बोलत आलेली. मेंदूच्या झटक्यानंतर आवाज गेला, चेहरा दगड झाला. हलायचा तो फक्त डावा अंगठा, आणि तो दिवसभर हलायचा. डॉक्टर म्हणाले, स्नायू उडतात, दुसरं काही नाही.

सोलफ्रिदला ते पटेना. ती मासळीच्या कारखान्यात कामाला, संगणकाचं तिला वावडंच. तरी शाळेतली पोरं जोडतात तसे पडद्यावरचे आज्ञांचे रंगीत ठोकळे जोडून तिने आठवडाभरात आईच्या मुठीत मावेल असं हे दोन बटणांचं यंत्र उभं केलं. डावं बटण दाबलं की टिंब, उजवं दाबलं की रेघ. समोरच्या पाटीवर ते बिनतारी उमटायचं. आईला चारदा समजावलं. मोर्स तिला आईनेच लहानपणी शिकवलेलं, म्हणजे वाचायची अडचण नव्हती. पण आई डावंच बटण दाबत राहिली. चार दिवस नुसती टिंबं.

आज निकाल होता. आईला कळतंय असं दिसलं तर उपचार चालू. नाहीतर सोमवारी दोन फेरीबोटी बदलून गाठायच्या वृद्धाश्रमात, कायमची.

"मला वाईट वाटतं, सोलफ्रिद," डॉक्टर ऐविन म्हणाले. "पण अर्थ असता तर एखादी तरी रेघ आली असती."

"आणखी पाच मिनिटं द्या ना, ऐविन."

"ही तिसरी पाच मिनिटं आहेत."

ती हरली. आईच्या मुठीतलं यंत्र काढून घ्यायला तिने हातावर हात ठेवला आणि थबकली. अंगठा बटण दाबून राहिला होता. सुटला. मग पटकन एकदा. मग पुन्हा दाबून राहिला.

सोलफ्रिदला उमगलं. किती वेळ दाबलं, हे तिच्या ठोकळ्यांना कुठे कळत होतं? बोट उचललं की टिंब, विषय संपला. आणि आई तर जन्मभर संदेश ठोकायच्या एकाच चावीवर बसलेली. लांब दाबलं की रेघ, एवढंच तिच्या हाताला ठाऊक.

"कागद घ्या! लवकर!"

पाटी तिने पालथी घातली. अंगठ्यावर तळवा ठेवून ती एकेक अक्षर सांगत गेली, ऐविन लिहीत गेले. आई तेच तेच पुन्हा पाठवत होती. ऐविननी लिहिलेलं एकदा वाचलं आणि खुर्ची ओढून खाली बसले. कागदावर आईचे शब्द होते:

"सोलफ्रिद, तुझ्या यंत्रातून रेघ जात नाही. चार दिवस सांगतेय."