निळे हातमोजे

हातमोज्यांवरचं काळं काही निघेना. शालिकराम मोरीवरच्या दगडावर ते घासत होता. गरम पाणी झालं, कपड्यांची पावडर झाली, मूठभर लाकडाचा भुसाही चोळून झाला. अकराला पाहुणे येणार होते, आणि हे निळे हातमोजे आज तरी कुणाच्या नजरेला पडू नयेत एवढंच त्याला वाटत होतं.

"बाबा, काय आहे ते सांगून द्या ना त्यायले," मागून दामिनी म्हणाली. पाहुणे तिलाच बघायला येत होते. "चोरी थोडी आहे?"

"चूप बस वं. लग्न जमू दे, मंग पाहू."

"मंग तं अजून लाज वाटन."

शालिकरामने मान वर केली नाही. लाज त्याला आताच वाटत होती.

मनीषनगरात 'रामाजी ऑटो'वर लोक डोळे झाकून गाडी सोडून जात. दुकान सासऱ्याचं. रामाजी गेले आणि पाटीखालच्या खुर्चीवर जावई बसला, त्याला आता बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक पुढे, काम मागच्या अंगणात पत्र्याआड, हा नियम त्याचाच. काम चालू असताना कुणी आत डोकावलेलं त्याला खपत नसे. कारागिराचा नखरा, असं म्हणून लोक सोडून देत. गाडी मात्र दुरुस्त होऊन येई.

त्याने हातमोजे पाण्याच्या टाकीमागे वाळत टाकले आणि स्वयंपाकघरात डोकावला. त्याची बायको मनकर्णा सकाळपासून तिसऱ्यांदा कणीक मळत होती.

"झालं काय?" त्याने विचारलं.

"होऊन राहिलं," ती कणकेतून हात न काढता म्हणाली.

पाहुणे वेळेवर आले. भैयाजी आणि शोभाताई नरखेडकडचे, संत्र्यांच्या बागेचे. थेट गावाहून मोटरसायकलवर आले, आणि हँडलला संत्र्यांची थैली. त्यांचा मुलगा स्वानंद दामिनीला आधीच भेटून गेला होता. आता फक्त या दोघांचा होकार हवा होता. दामिनीने चहा दिला, विचारलेलं सांगितलं आणि न विचारलेलं गिळून टाकलं. तिचा जीव स्वानंदवर जडला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

संत्री खाऊन झाल्यावर मनकर्णाने सालं गोळा करून पदरात घेतली.

"सालं कशाले ठेवता?" शोभाताईंनी विचारलं.

"कामात येतात जी," म्हणत ती आत गेली.

भैयाजी हात धुवायला मागे गेले आणि परत आले ते हातमोजे हातात घेऊनच.

"हे तुमचे, भाऊ? दगडावर घासले वाटते. रबर निघून राहिलं पाहा. आमी फवारणीचे हातात घालूनच धुतो, हात धुतल्यासारखे."

"घाई होती," शालिकराम पुटपुटला.

भैयाजींनी त्याचा पंजा धरून उलटापालटा करून पाहिला. "मेकॅनिकचा हात म्हणता? मास्तरचा वाटते हा तं!"

काय आहे ते सांगायची हीच वेळ होती. दारात दामिनी उभी होती. शालिकराम हसला.

"हातमोज्याची कमाल आहे सारी."

भैयाजी खूश झाले. "मले जमीनजुमला नाही पाहाचा. पोरीचा बाप कष्टाचा पाहिजे, बस. आमचा होकार समजा."

दामिनीने डोळे पुसले. शालिकरामला मात्र तो होकार पचेना. भल्या माणसाने विश्वास टाकला, आणि आपण त्याच्या तोंडावर हसून खोटं बोललो. त्याला कानकोंडं झालं.

निघताना मनकर्णाने शोभाताईंना कुंकू लावलं. पदरातून तिचं एकच बोट बाहेर आलं आणि लगेच आत गेलं. लाजाळू बाई दिसते, असं शोभाताईंना वाटलं.

अंगणात भैयाजींनी मोटरसायकलला किक मारली. गाडी नुसती खोकली. दहाव्या किकेला ते हसत खाली उतरले.

"येतानाच झटके देऊन राहिली होती. म्हटलं, मेकॅनिकच्याच घरी चाललो, मले काय भेव! पाहा भाऊ जरा. इथंच पाहा, मले बी समजन."

"दुकानात टाकतो न. पोचवून देईन उद्या."

"काहून? पाच मिनिटाचं काम असन."

दामिनीने हत्यारांचं खोकं आणून ठेवलं. वडिलांकडे तिने पाहिलं नाही.

शालिकरामने हातमोजा उचलला. बोटं आत गेली आणि सांध्यांशी अडली. त्याने ओढून पाहिलं. दुसरा पाहिला.

"धुऊन आटले," तो म्हणाला.

"राहू द्या मंग. तसंच करा."

तो गाडीजवळ उकिडवा बसला. बावीस वर्षं त्याने दुकानात बसून काढली होती, पण असं उन्हात सगळ्यांसमोर बसायची वेळ कधी आली नव्हती. मान आपोआप खाली गेली. भैयाजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. शोभाताई थांबल्या होत्या.

तेवढ्यात मनकर्णा पदर खोचून पायरी उतरली. आज पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात उघडे होते. संत्र्याच्या सालांनी चोळून लाल झालेले, आणि नखांच्या कडांना तरीही काळे. तिने नवऱ्याच्या हातातून हातमोजे घेतले. दोन्ही पंजे सरळ आत गेले.

"सरका बाजूले," ती म्हणाली, "अन् प्लगपाना द्या."

शालिकराम खोक्यात पाहत राहिला. त्यातला प्लगपाना कोणता, हे त्याला माहीत नव्हतं.