विचाराधीन

‘संक्रमणावस्था’ हा शब्द नत्थूजींनी एका दमात म्हटला, तेव्हा समोर सतरंजीवर बसलेल्या दीडशे विणकरांनी टाळ्या वाजवल्या. अर्थ कोणालाच लागला नव्हता. पण आपला माणूस एवढा लांब शब्द न अडखळता पार करून गेला, याचंच सगळ्यांना कौतुक.

तांडापेठेत मारुतीच्या देवळापुढे सभा भरली होती. विणकर सोसायटीचं सूत दोन महिन्यांपासून आलं नव्हतं. घरोघरचे माग बंद होते. कोणी सायकलरिक्षा ओढू लागलं होतं, कोणी विड्या वळू लागलं होतं. पक्षाचे शहराध्यक्ष बाबनराव वकील त्यासाठीच बंगलेवाल्यांच्या धरमपेठेतून आले होते. अडकलेलं सूत मंत्र्यांकडून सोडवून आणणं त्यांच्या हातात होतं. महापालिकेच्या निवडणुकीचं वॉर्डातलं तिकीटही त्यांच्याच हातात होतं.

त्या तिकिटासाठी नत्थूजी महिन्याभरापूर्वी त्यांच्या बंगल्यावर गेले होते. बाबनरावांनी चहा पाजला आणि म्हणाले, "माणूस तुम्ही प्रामाणिक. वस्ती तुमचं ऐकते. पण भाषा सुधारा, नत्थूजी. सभागृहात ‘मले-तुले’ चालत नाही. शब्दसंग्रह वाढवा."

नत्थूजींनी ते मनावर घेतलं. शंभर पानी वही आणली. वर्तमानपत्राच्या अग्रलेखातून रोज दहा शब्द उतरवायचे आणि संध्याकाळपर्यंत पाठ करायचे, असा नेम धरला. माग बंद असल्यामुळे आत्मविकासाला वेळ भरपूर होता. तंबाखूचा खर्रा सोडला. मान ताठ ठेवून चालायला लागले. हसणं थोडं कमी केलं.

"काय पुटपुटून राहिले सकाळपासून?" त्यांच्या बायकोनं, कुसुमावतीनं, एकदा विचारलं. ती सुताच्या रिकाम्या कांड्या टोपलीत भरून ठेवत होती.

"कटिबद्ध."

"म्हणजे?"

"कंबर बांधून तयार असलेला."

"मग कंबर बांधली म्हणा ना."

"त्यानं तिकीट भेटत नाही वं."

आज त्या मेहनतीचं चीज होत होतं. नत्थूजी वीस मिनिटं बोलले. सूत हा शब्द त्यांना व्यासपीठाच्या मानानं फारच बारीक वाटला, म्हणून ते ‘कच्च्या मालाची अनुपलब्धता’ म्हणाले. उपासमार म्हणायच्या जागी ‘आर्थिक विवंचना’ म्हणाले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बळीरामनं शेजाऱ्याला हळूच विचारलं, "हे आपल्या सुताचंच सांगून राहिले का गा?"

"नसंल," शेजारी म्हणाला. "मोठी गोष्ट दिसते."

मग बाबनराव उठले. खिशातून एक चिठ्ठी काढून त्यांनी नजर फिरवली आणि ती हातातच ठेवली. शेजारी बसलेल्या नत्थूजींना त्यावरचं सुबक अक्षर दिसलं. ‘मला नव्हे, मले. का नव्हे, काहून.’

"राम राम गा मंडळी," बाबनराव म्हणाले. "मले काही नत्थूजीसारखं भाषण येत नाही. मी साधा माणूस. तुमचे माग बंद पडून राहिले, अन् मले घास उतरत नाही. काहून उतरंल?"

टाळ्या थांबेचनात. म्हातारा बळीराम डोळे पुसायला लागला. एवढा मोठा वकील, पण बोलतो कसा आपल्यासारखा. नत्थूजींनी मात्र मान खाली घातली. आपल्या अंगातला सदरा या माणसानं काढून घातला आणि त्याचा कोट आपल्याला देऊन टाकला, असं काहीतरी त्यांना वाटलं. कोट खांद्यावर बसत नव्हता.

बाबनराव खाली बसले आणि नत्थूजींच्या कानाशी वाकले. "उत्तम बोललात. तुमचं नाव पक्कं समजा."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कुसुमावती उठून उभी राहिली.

"साहेब, सूत कोणत्या तारखेले येते?"

बाबनरावांनी चिठ्ठीकडे पाहिलं. चिठ्ठीत याचं उत्तर नव्हतं. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी तसंच ठेवलं, पण घसा खाकरला तो धरमपेठेतला होता.

"बाई, तो प्रश्न शासनाच्या विचाराधीन आहे. सर्व बाबी तपासून यथावकाश योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

"म्हणजे कधी?" कुसुमावती उभीच होती.

बाबनरावांनी माइक नत्थूजींकडे सरकवला. "नत्थूजी, तुमच्या लोकांना समजावून सांगा. आता ही भाषा तुम्हाला येते." मग माइकवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "जरा सांभाळून."

नत्थूजींना खरोखरच ती भाषा येत होती. त्या वाक्यातला एकेक शब्द त्यांनी शुद्धलेखनासकट पाठ केला होता. हे शब्द असतात कशासाठी, ते मात्र त्यांना आत्ता, या क्षणी कळलं. आणखी चार शब्द टाकले असते तर सभा सुखानं घरी गेली असती. तिकीटही हातात आलं असतं. शब्द जिभेवर येऊन रांगेत उभे होते: धोरणात्मक, सकारात्मक, प्रक्रिया, आश्वस्त. दीडशे माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यातली निम्मी तरी उद्या सकाळी पुन्हा सोसायटीच्या दारात जाऊन बसणार होती.

नत्थूजींनी माइक जवळ ओढला.

"बस वं तू खाली," ते बायकोला म्हणाले. "सूत येत नाही, असं सांगून राहिले ते."