बुलबुलभाऊजींचा वाटा

नवरोजच्या दुपारी ओरिनबेक दाढी करून, धुतलेला सदरा घालून भावाच्या अंगणात आला, तेव्हा साऱ्यांचे चेहरे उजळले.

"हिवाळा सरला आणि आमचा पोरगा माणसात आला बाई!" मोठी आत्या म्हणाली. बायको गेल्यापासून ओरिनबेक घराबाहेर पडला नव्हता.

कुल्यान कढईत कोझे, सणाची धान्य-मांसाची पेज, ढवळत होती. ती नवरी होऊन या घरात आली तेव्हा हा दीर शाळकरी पोर होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. सासरच्या पुरुषांची नावं सुनेनं घ्यायची नसतात, म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं बुलबुल. आता मिशा पिकल्या, बडबड आटली, तरी तिच्या तोंडी तो बुलबुलच होता.

त्यानं खांद्यावरचं खोगीर उतरवून भावापुढं ठेवलं. वडिलांच्या वेळचं, चांदीच्या फुलांचं.

"दादा, हे तुला. माझ्याकडे नुसतं पडून असतं."

थोरल्या सापारनं चांदीच्या फुलांवरून हात फिरवला. या खोगिरावर त्याचा लहानपणापासून डोळा होता. नवरोजला हात मोकळा सोडायचाच असतो, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग ओरिनबेक एकेकाजवळ जाऊन, "कळत नकळत काही चुकलं असेल तर माफ कर," म्हणू लागला. तेही रीतीचंच. फक्त रीत अशी, की समोरचाही तेच म्हणतो आणि आपण ते ऐकून घ्यायचं असतं. ओरिनबेक ऐकायला थांबत नव्हता.

कुल्यान कढईपासून ते पाहत होती. सकाळीच तिनं नवऱ्याला विचारलं होतं, "आज भाऊजींकडे झोपायला कोण जातंय?" थंडीभर भाऊबंदांनी पाळ्या लावल्या होत्या.

"अगं, आता कसली पाळी?" सापार हसला होता. "बर्फ गेला, कोकरं झाली. माणूस थंडीत खचतो, उन्हात नव्हे."

तिच्या सख्ख्या भावानं स्वतःच्या हातानं जीव दिला, तेव्हा टेकडीवर ट्युलिप फुलले होते. गावात आणखी दोघं तसेच गेले, तेही कोकरांच्याच दिवसांत. कडाक्याच्या थंडीत असं कुणी गेल्याचं तिला आठवत नव्हतं. पण बाईच्या आठवणीला विचारतो कोण!

ओरिनबेक शेवटी कढईपाशी आला.

"वहिनी, माझा वाटा ठेवला असेल ना?"

"न ठेवून सांगते कुणाला? तो काय, टांगलाय कोठीत. कधी येताय खायला?"

हिवाळ्याच्या तोंडाशी घोडा कापला, की जवळच्या माणसाचा वाटा खारवून टांगून ठेवायचा. तो येऊन खाईपर्यंत घरच्यांनी त्याला बोट लावायचं नाही. भुकेल्या वर्षांतसुद्धा कुणी लावलेलं नाही.

"तो आजच्या कोझेत टाका," ओरिनबेक म्हणाला. "पोरंबाळं खातील."

कुल्यानचा हात थांबला. आपला वाटा दुसऱ्याला द्या, असं आजवर तिनं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. परत यायचं असलेला माणूस असं बोलत नाही.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "जीव द्यायचं मनात आहे का?"

"वहिनी, आज सणाचा दिवस."

"सणाचाच दिवस म्हणून विचारते."

तो हसल्यासारखं करून वळला आणि फाटकाकडे चालू लागला. कुल्यानला भावाची पाठ आठवली. तोही असाच, सगळ्यांना भेटून, फाटकातून गेला होता.

"ओरिनबेक!"

आत्याच्या हातातली वाटी कलंडली. सून दिराला नावानं हाक मारते, तीही भरल्या अंगणात!

ओरिनबेक जागीच थिजला. "वहिनी... नाव घेतलंत?"

"घेतलं. बसवा माझ्यावर पंचायत. पण आधी उत्तर द्या."

तो परत आला नाही. तिथंच फाटकाच्या खांबाला धरून खाली बसला.

"बर्फ होता तोवर बरं होतं," तो म्हणाला. "सगळंच निजलेलं होतं, त्यात मीही. आता सगळं उठून बसलंय, वहिनी. मलाच तेवढं उठता येत नाही."

मग तो रडू लागला, लहान पोरासारखा. सापारनं खोगिराकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो धावत जाऊन भावाशेजारी धुळीत बसला.

कुल्याननं डाव आत्याच्या हाती दिला, कोठीतून मांस काढलं आणि फाटकापाशी आली.

"हे कोझेत जाणार नाही. हे यांच्या चुलीवर शिजेल आणि हे स्वतः खातील. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं, मी बरोबर येईन. अहो, ते खोगीर उचला, जिथलं तिथं ठेवू. आणि दोन गोधड्या घ्या. आपण तिकडेच राहायचं."

"किती दिवस?" सापारनं विचारलं.

"गवत वाळेपर्यंत."

फाटकाबाहेर गवत नुकतं कुठं जमिनीतून डोकं काढत होतं. ओरिनबेकनं डोळे पुसले आणि मांसाचं गाठोडं तिच्या हातातून आपल्याकडे घेतलं.